मैनाबाईचा डावा अंगठा

आमच्या गावातल्या बहुतेक मानकरी माणसांच्या गळ्याला मैनाबाईचा पाय लागलेला होता. सरपंचांच्या, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या, पतसंस्थेच्या मॅनेजरच्या, इतकंच काय, जेवायला म्हणून आलेल्या एका तहसीलदारांच्यासुद्धा. मैनाबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं मागे राहिलं आणि पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय गळ्यावरून फिरवला की अडकलेला मासोळीचा काटा उतरतो, अशी आमच्या भागाची पक्की समजूत. आणि आमचा भाग म्हणजे सिंदेवाहीच्या पुढचा, धानाचा आणि तळ्यांचा. इथं ज्याच्या घरी आठवड्यातून दोनदा मासोळी शिजत नाही, त्याच्याकडे लोक जरा संशयानंच बघतात.

माझ्याकडेही बघितलं. मी वर्ध्याची, शाकाहारी घरातली, आणि ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेली डॉक्टर. पहिल्याच दिवशी सकाळी चहा प्यायला फाटकाबाहेर आले, तर चिंचेखाली एक गृहस्थ पाटावर बसलेले. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, डोळे मिटलेले, मान दाढी करून घेताना करतात तशी वर. त्यांच्यासमोर पालथ्या टोपलीवर साठीची एक बाई बसली होती. दोन्ही हात मागे टेकवून ती डाव्या पायाच्या अंगठ्यानं त्या गृहस्थांचा गळा खालून वर, खालून वर चोळत होती. तोंडानं त्याच वेळी एका गिऱ्हाइकाशी रोहूच्या ताजेपणावरून तिचं भांडण चाललं होतं. पाय आधी साबणानं धुतलेला असायचा, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

गृहस्थांना बोलता येईना, अंगठा मधे होता. बाईच म्हणाली, "काटा उतरवून राह्यलो. तुमी कोन?"

"मी इथली नवीन डॉक्टर."

"बरं झालं. बसा. रोहू पाह्यजे का?"

मग मी जे भाषण दिलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. अंधश्रद्धा, अस्वच्छता, विज्ञान, सगळं त्यात आलं. बाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. अंगठा थांबला नाही. शेवटी गृहस्थांनी एक आवंढा गिळला, मान इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "उतरला." मग माझ्याकडे बघून चोरी पकडली गेल्यासारखे लाजले. ते मुख्याध्यापक होते आणि शाळेत विज्ञान शिकवायचे.

मी तडक आमच्या अधीक्षकांकडे तक्रार घेऊन गेले. दवाखान्याच्या दारात एक बाई मासे विकते आणि दारातच त्यांचे काटेही काढते, हा काय प्रकार आहे, असं विचारलं. अधीक्षकांनी सगळं ऐकलं, मंद हसले आणि नकळत स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. तेव्हा मी समजले की वर दाद मागण्यात अर्थ नाही.

तिला मी आधी अहोजाहो करायचे. तसं केलं की ती मागे वळून पाहायची, आणखी कोणी आलंय का म्हणून. शेवटी 'ए मैनाबाई' वर आले तेव्हा तिला बरं वाटलं. तिनं मला 'डाक्टरीन' हे नाव दिलं आणि मग गावानंही तेच उचललं.

तिचे काही नियम होते. काटा तिनं विकलेल्या मासोळीचा असेल तर तो तिच्या जबाबदारीवर, नंबर आधी. दुसरीकडच्या मासोळीचा असेल तर आधी शिव्या, मग पाय. "थ्याच्या जवळून मासोळी घेतली ना? मंग थ्याचाच पाय लावून घ्याचा! इथी काऊन आला?" असं म्हणत म्हणत ती पाय धुवायला घ्यायची. लग्नात पंगतीला बसलेल्या माणसाला ती दुरूनच ओरडायची, "बोलू नोको गा, रोहू खाऊन राह्यला!" रोहूचा काटा टोकाशी दोन फाट्यांचा असतो. गप्पा मारत खाणाऱ्याचा तो पहिला बळी घेतो, असं तिचं म्हणणं. पावसाळ्यात मात्र तिच्याजवळ कोणी बसायला मागत नसे, कारण पायाळूवर वीज पडते अशीही समजूत आहे. बसमध्ये आभाळ गडगडलं की तिच्या शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची, आणि ती त्या जागेवर टोपली ठेवून आरामात पाय पसरायची. "वीज माहीवाली मैतरीन हाय," ती म्हणायची.

मी येऊन महिना झाला असेल. एक दिवस अंगणवाडीतली एक बाई गळा धरून माझ्या टेबलापाशी आली आणि अवघडून म्हणाली, "मैनाबाईनं पाठवलं. म्हनते, डाक्टरीनले सांगजो, ही तुह्या वाट्याची हाय."

मी चिडले. माझ्या वाट्याची म्हणजे काय? तरी टॉर्च घेतला, जीभ दाबली, तर उजव्या टॉन्सिलमध्ये सुईसारखा पांढरा काटा सरळ उभा. चिमट्यानं धरला, निघाला. बाई रडत रडत हसली. मी फाटकाबाहेर जाऊन मैनाबाईला विचारलं, "तुला कसं कळलं, हिचा काटा आत आहे म्हणून?"

ती पावशीवर, म्हणजे विळीवर, मासोळी कापत होती. मान वर न करता म्हणाली, "बोट."

"म्हणजे?"

"एका बोटानं दाखव म्हनावं, कुठी दुखते. मंग मासोळीच्या, पोराबाळाच्या गोष्टी कराच्या. मंग पुन्ना इचाराचं. बोट फिरून फिरून थ्याच जागेवर आलं तं काटा हाय. कधी इथी, कधी तिथी गेलं तं काटा गेला, खाली खरचटलं हाय. अन् थुका गिळता येत नसन तं इचारतच नाई बसत, सिद्दा तुह्याकडे."

ही परीक्षा मी त्या दिवसापासून आजतागायत वापरते. कुठल्या पुस्तकात वाचली असं मला कोणी विचारलं की मी विषय बदलते.

"मग ज्यांचा काटा गेलेलाच आहे, त्यांना पाय कशाला लावतेस?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमी सांगता, जा घरी, काई नाई. मानूस घरी जाते अन् गळा चाचपत बसते. म्या पाय लावला का जेवते, झोपते." मग डोळे बारीक करून म्हणाली, "अन् हेडमास्तराच्या गळ्याले पाय लावाले मले बी बरं वाटते. चवथीत असताना याच्या मास्तर बापानं मले वर्गात मांगं बसवल्तं. मासोळीचा वास येते म्हने."

 सांगताना ती मजेत होती.

एका गोष्टीवरून तिचं सगळ्या गावाशी वैर होतं, ती म्हणजे भाताचा गोळा. काटा अडकला की आमच्याकडे घरोघरी पहिला उपाय तोच. शिळा, सुका भात मुठीत घट्ट दाबून त्याचा गोळा करायचा, चावायचा नाही, पाण्याच्या घोटाबरोबर सबंध गिळायचा. गोळा काट्याला घेऊन खाली जातो. पुष्कळदा जातोही, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास. पण कधीकधी तो काट्याला पुढे नेण्याऐवजी अन्ननळीच्या भिंतीत दाबून बसवतो. माणसाला वाटतं, टोचणं थांबलं, काटा गेला. आणि काटा तर आत शिरलेला असतो.

हे बचतगटाच्या बायकांना समजावून सांगायला मी एकदा समाजमंदिरात तक्ता टांगून उभी राहिले. अन्ननळी, श्वासनळी, बाण, रंग, सगळं होतं. दहा मिनिटांत निम्म्या बायका पेंगायला लागल्या. तेवढ्यात मैनाबाई उठली, टोपलीतून एक भला मोठा कतला मासा काढला आणि तिथेच पावशीवर त्याचं पोट फाडलं. सगळ्या जाग्या झाल्या. तिनं आतडं पाण्यानं धुऊन काढलं, एकीला म्हणाली, धर. त्यात एक काटा सोडला, वरून भाताचा गोळा भरला आणि आतडं वरून खाली पिळत आणलं. मधेच काट्याचं टोक आतड्यातून टचकन बाहेर आलं. धरणाऱ्या बाईच्या बोटाला टोचलं, ती किंचाळली.

"पाह्यलं?" मैनाबाई म्हणाली. "आता सांग व डाक्टरीन, या नळीच्या शेजारी कोन राह्यते?"

मी सांगितलं की हृदयातून निघणारी रक्ताची सगळ्यात मोठी नळी तिथं अगदी खेटून जाते. काटा तिच्यापर्यंत पोचला तर आधी पू होतो, ताप येतो, आणि नळीची भिंत सडत जाते. मग एक दिवस तोंडात थोडंसं लाल रक्त येतं. थोडंसंच, चूळभर. तो इशारा असतो. त्यानंतर जे येतं ते थांबवायला आमच्यासारख्या दवाखान्यात काहीही नाही.

 मैनाबाईनं ते सगळं तसंच्या तसं उचललं आणि पुढे प्रत्येक रोहूबरोबर फुकट देऊ लागली. "गोळा गिळशीन तं रक्ताचा नळ फुटते, समजली का? चूळभर रक्त आलं का थ्या नळाची तोटी सुटली म्हन." माझ्या तक्त्याचं काय झालं ते मला माहीत नाही, बहुतेक कोणीतरी दुरडीखाली अंथरला.

अशी ही मैनाबाई. आता तिच्याच गळ्यात काटा अडकला, हे पुढचं.

मला ते कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ती रोज येत होती, रोज चिंचेखाली बसत होती. आवाज थोडा बसलेला वाटला, पण गिऱ्हाइकांशी भांडून तो तसा अधूनमधून बसायचाच. दोनतीन दिवस ती अंगावर शाल घेऊन बसली होती. विचारलं तर म्हणाली, सर्दी. नवरा भिवाभाऊ तळ्यावरून मासे आणून टोपलीपाशी ठेवायचे. तसेही ते अबोल, कोणत्याही प्रश्नाला 'हाव' म्हणायचे. त्या दिवसांत तेवढंही म्हणत नव्हते.

त्या सकाळी मी ओपीडीच्या खिडकीतून पाहत होते. मैनाबाई पचकन थुंकली. लाल. तिच्या थुंकण्यात नवीन काही नव्हतं, पान तिच्या तोंडात कायम असायचंच. पण कुठंतरी खटकलं. पानाची चंची नेहमी तिच्या मांडीवर उघडी पडलेली असायची, ती आज कमरेलाच खोचलेली होती. आणि तोंड हलत नव्हतं.

मी रांग तशीच सोडून बाहेर गेले. "मैनाबाई, पान खाल्लंस?"

"हाव."

"तोंड उघड."

"काऊन? मासोळी हाय का मी, ताजी का शिळी पाह्यले?"

"उघड म्हणते ना."

तिनं उघडलं. जिभेवर पानाचा रंग नव्हता. दातांच्या मुळाशी रक्त होतं, ताजं. मनगट धरलं तर अंग तापलेलं, नाडी धावत होती. मी विचारलं, "किती दिवस झाले?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीभोवतीच्या दोनचार बायकांकडे, आणि पदरानं तोंड पुसलं. 

आत नेऊन दार लावलं. तिथंही तिचा पहिला प्रश्न होता, "गावाले सांगशीन का?"

"मैनाबाई, तुला कळतंय का काय झालंय?"

"म्याच सांगतो ना सगळ्यायले, मले नाई कळन? काल चूळभर आलं. आज बी आलं. तोटी सुटली." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "रोहूचा काटा होता. बोलत होतो ना जेवताना. माही सून म्हने, मले पाव्हन्यायच्या समोर..." आणि इतकं सांगून तिला त्या भांडणाची पुन्हा आठवण आली, सून कशी चुकीची होती ते ती सांगू लागली. मी तिचं तोंड धरून बंद केलं.

काटा अडकल्यावर ती दवाखान्याच्या दारात रोज बसत होती आणि आत यायला तयार नव्हती. काटा काढणारीच्याच गळ्यात काटा अडकला, हे गावाला कळलं तर तिच्या पायाला कोण विचारणार? पायाळूचा पाय दुसऱ्याच्या गळ्याला लागतो, स्वतःच्या नाही. तेही तिनं करून पाहिलं होतं, हे भिवाभाऊंकडून नंतर कळलं. घराचं दार लावून, भिंतीला टेकून, साठीच्या वयात डावा पाय गळ्यापर्यंत आणायचा प्रयत्न केला. तो बेंबीपर्यंत आला आणि कमरेत उसण भरली. मग तिनं गुपचूप भाताचा गोळा खाल्ला. बरं वाटलं. सगळ्यांना वाटतं तसंच.

"नागपूरला जायचं," मी म्हटलं. "आत्ता. बसून जायचं नाही, हलायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही."

"लोकायले काय सांगशीन?"

मला रडू आलं आणि रागही आला. "तुझा जीव चाललाय आणि तू..."

"जीव माहा हाय ना? मंग सांग. काय सांगशीन?"

"मलेरिया सांगते."

"मलेरिया!" ती उठून बसू लागली, मी दाबून झोपवली. "मलेरिया तं कुत्र्यालेबी होते. हार्टचं सांग. हार्ट इज्जतीची बिमारी हाय. पतसंस्थेच्या मॅनेजरले झाल्ता."

मी कबूल झाले. खोटं तसं फार बोलावंही लागलं नाही, दुखणं हृदयाजवळचंच होतं. एका हातानं सलाईन लावत, दुसऱ्या हातानं नागपूरला फोन करत मी हाताखालच्या सिस्टरला सांगितलं, हार्ट. सिस्टरनं फाटकापर्यंत जाऊन सांगितलं, हार्ट. अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा चिंचेखाली निम्मं गाव जमलं होतं आणि स्ट्रेचरवर मैनाबाई डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, मोठ्या माणसाच्या आजाराला शोभेल अशा थाटात पडून होती.

मी बरोबर गेले. नागभीड मागे पडलं. मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. पुन्हा रक्त आलं आणि या वेळी चूळभरावर थांबलं नाही, तर मी तिचा हात धरण्यापलीकडे काही करू शकणार नव्हते. हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडावरून तिलाही कळत होतं. पायाशी बसलेले भिवाभाऊ अचानक म्हणाले, "गोळा म्याच बनवल्ता, डाक्टरीन. थे म्हने, दाब जोरानं. म्या दाबला." आणि तोंडात उपरणं कोंबून ते रडायला लागले. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या त्या माणसाला मी त्याआधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मैनाबाईनं डोळे न उघडता हात लांबवून त्यांचा गुडघा चाचपला. "चांगलाच दाबला गा तू," ती म्हणाली. "एक बी शीत सुटलं नाई."

मी हसले, ते हसले, तिला हसायला बंदी होती. रस्ता पुष्कळ बाकी होता.

ती पोचली. तपासणीत काट्याचं टोक अन्ननळी फोडून रक्ताच्या नळीला टेकलेलं दिसलं, नळीची भिंत तिथं फुग्यासारखी आलेली, भोवती पू. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी जांघेतून बारीक नळी सरकवून त्या रक्ताच्या नळीला आतून अस्तर बसवलं, मग छाती उघडून काटा काढला, पू धुतला. पोटाला भोक पाडून त्यातून तिला जवळजवळ पाच महिने पातळ अन्न द्यावं लागलं. जंतुसंसर्ग हटता हटेना. दोनदा आम्ही आशा सोडली. दुसऱ्यांदा मी भेटायला गेले तेव्हा तिनं नर्सकडे बोट दाखवून माझ्या कानात सांगितलं, "इले कोनी काटा काढाले शिकवलं नाई, बोटाची गोष्ट म्या सांगितली." मग मी ठरवलं की ही बाई काही मरत नाही.

साडेपाच महिन्यांनी ती चिंचेखाली परत आली. वाळून अर्धी झाली होती, चार पावलं चालली की दम लागायचा. पण हार्टनं तिला जे दिलं ते पायानंही दिलं नव्हतं. पतसंस्थेचे मॅनेजर स्वतः येऊन पथ्याच्या गोष्टी बोलून गेले, दोन बरोबरीच्या माणसांनी बोलावं तसं. ती लोकांना सांगायची, "डाक्टरनं माहा हार्ट हातात घेतला अन् म्हने, बाई, असा हार्ट म्या कोनाचाच नाई पाह्यला." मी खिडकीत उभी राहून हे ऐकायचे. ती माझ्याकडे बघून डोळा मारायची. पाय लावून घ्यायला पूर्वीपेक्षा दुप्पट लोक येऊ लागले. नागपूरहून परत आलेला पाय ना तो! मी एकदा तिला म्हटलं, "खरं सांगून टाक की आता." ती म्हणाली, "पाय गेला तं माह्याजवळ राह्यते काय? मासोळी तं सगळेच विकते." ते मला पटलं, म्हणून पुन्हा म्हटलं नाही.

मग माझी बदली एटापल्लीला झाली. निघायच्या सकाळी जीप फाटकात उभी होती, सामान चढलं होतं, कागद द्यायला आधी चंद्रपूरला जायचं होतं. मैनाबाईचा निरोप घ्यायला म्हणून मी चिंचेकडे वळले, तर तिथं गर्दी. शेवंताबाई नावाची शेजारच्या गावची तरणी बाई पाटावर बसलेली, मान वर केलेली. मैनाबाई पाय धुऊन तयार होती, पण लावत नव्हती.

"बोट ठेव," ती म्हणाली. शेवंतानं गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या खोबणीत बोट ठेवलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. "पुन्ना ठेव." तिथंच.

"गोळा खाल्ला का व?"

"हाव. परवा खाल्ला. लय बरं वाटलं. निस्ता रातच्यानं थोडासा ताप आला. तुमचा पाय लागला का जातो घरी, धान कापाचा हाय."

"दवाखान्यात चाल."

"नाई वो बाई," शेवंता हसली. "काट्यासाठी कोनी दवाखान्यात जाते का? तुमी तळ्यावर जल्मल्या. तुमी गेल्या का कधी?"

भोवतीचे लोक हसले. मुख्याध्यापक होते, मॅनेजर होते, सून होती, भिवाभाऊ होते. मैनाबाईनं पाय मागे घेतला. जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, मी बोलावं. तोंड उघडलंही होतं. पण तिनं हातानं मला थांबवलं, टोपलीवरून उठली आणि सगळ्यांसमोर पदर बाजूला करून पोटावरचा नळीचा व्रण दाखवला, मग काखेखालचा लांब व्रण.

"हे पाह्य," ती म्हणाली. "मले हार्ट-बिर्ट काई झाल्ता नाई. काटा अडकल्ता. रोहूचा. माहा पाय माह्या कामी नाई आला. गोळा म्या बी गिळल्ता, तुह्यासारखाच, अन् मले बी लय बरं वाटल्तं. पाच महिने पोटातून जेवलो. ऊठ."

 मॅनेजर बुटांकडे बघत होते. मैनाबाईनं शेवंताचं मनगट धरलं आणि तिला ओढत फाटकातून आत घेऊन आली. दम लागत होता, तरी मनगट सोडलं नाही. एक्स-रेत काट्याची बारीक पांढरी रेघ दिसली. शेवंताला लगेच चंद्रपूरला हलवायला हवं होतं, आणि अॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. मी माझं सामान जीपमधून उतरवून व्हरांड्यात ठेवलं. मैनाबाईनं शेवंताला मागच्या सीटवर आडवं केलं, दार लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गड्डे पाहून चालव गा."

माझा निरोप तिनं घेतला नाही. मी पुढं बसले आणि आरशात पाहिलं. ती फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध उभी होती, एक हात छातीवर, श्वास जमवत. तिच्या मागे चिंचेखाली सगळे तसेच उभे, आणि तिच्याजवळ कोणी आलं नव्हतं. भिवाभाऊ तेवढे हळूहळू चालत तिच्याकडे येत होते. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं की दोन्हींतलं जास्त काय होतं ते सांगता यायचं नाही. मग वळण आलं.

बऱ्याच वेळानं मागून शेवंताचा घाबरा आवाज आला. "डाक्टरीन, थ्या बाईनं तं मले पाय लावलाच नाई. मंग निघन का काटा?"

"निघेल," मी म्हटलं. "तिनं तुला हात लावला ना."